खासदारांची बिलं कुणी पास करायची? ब्रिटनच्या खर्च घोटाळ्याची साधी-सोपी उकल

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारची अधिसूचना निघाली आणि खासदारांचं मासिक वेतन एक लाखावरून एक लाख चोवीस हजार रुपये झालं, तेही एप्रिल २०२३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. मग व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरायचं ते फिरलं. स्वतःचा पगार स्वतःच वाढवतात, सगळे एकाच माळेचे मणी, आणि असंच बरंच काही. (पहिला आरोप आता अर्धाच खरा आहे, त्याकडे शेवटी येऊ.)

‘सगळे चोर’ म्हणून झालं की आपली चर्चा तिथेच थांबते. राजकारण्यांवरचा विश्वास उडाल्यावर तो परत कसा आणायचा, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर नसतंच अशी आपली समजूत असते. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाच्या घोटाळ्याने हा विश्वास भर चौकात उडाला. त्यानंतर तिथे दुरुस्तीचे प्रयोग झाले, आणि त्यांतून काय साधलं, काय नाही, हे पाहायला आता दीड दशकाचा अनुभव हाताशी आहे.

दुसऱ्या घराचा भत्ता

खासदाराला दोन ठिकाणी राहावं लागतं, मतदारसंघात आणि राजधानीत. स्कॉटलंडच्या टोकाहून निवडून आलेला माणूस रोज लंडनला ये-जा करू शकत नाही. तेव्हा त्याच्या दुसऱ्या घराचा खर्च सरकारने द्यावा, यात गैर काही नाही. ब्रिटनमध्ये त्यासाठी वेगळा भत्ता होता. २००८-०९ मध्ये त्याची कमाल मर्यादा वर्षाला सुमारे २४ हजार पौंड होती, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा लाख रुपयांच्या आसपास. घरभाडं किंवा गृहकर्जाचं व्याज, फर्निचर, दुरुस्ती, किराणा असं सगळं त्यातून भागवायचं. एप्रिल २००९ पासून ६४,७६६ पौंड झालेला वार्षिक पगार याव्यतिरिक्त.

मेख होती ती इतिहासात. १९८० च्या दशकात खासदारांचा पगार भरघोस वाढवला तर लोक खवळतील, ही धास्ती सरकारला होती. मग पगार दाबून ठेवला आणि भत्ते सैल सोडले. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं की पगारात जे मिळत नाही ते भत्त्यातून भरून काढायचं. त्यामुळे ‘झालेला खर्च भरून देणं’ हा मूळ हेतू मागे पडला आणि ‘मर्यादेपर्यंतचे पैसे आपलेच’ अशी भावना मुरत गेली. किराण्यासाठी महिन्याला ४०० पौंडांपर्यंत पावती लागत नसे. इतर खर्चातही बरीच वर्षं २५० पौंडांच्या आतल्या रकमेला पावती मागत नसत. टीव्ही, सोफा, स्वयंपाकघर यांसाठी किती रक्कम मंजूर करायची याची एक अंतर्गत यादी होती, जॉन लुईस या लंडनमधल्या प्रसिद्ध दुकानाच्या किमतींवरून ठरवलेली. ती यादी खासदारांनासुद्धा दाखवत नसत. कमाल किंमत कळली तर सगळे तेवढीच मागतील म्हणून! माहिती अधिकाराखाली ती २००८ मध्ये बाहेर आली.

मागणारा आणि देणारा एकच

एखाद्या हाउसिंग सोसायटीत कमिटीवाल्यांनी आपल्या फ्लॅटचं रंगकाम सोसायटीच्या खर्चात टाकावं, व्हाउचर पास करणारा क्लार्क त्यांच्याच हाताखालचा असावा, आणि वार्षिक सभेत कुणी हिशेब मागितला तर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं त्यालाच ऐकवावं. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या संसदेत, हेच चाललं होतं. बिलं तपासणारं कार्यालय संसदेचं, त्यावर देखरेख करणारी समिती खासदारांची, समितीचे प्रमुख सभागृहाचे अध्यक्ष. दाव्यावर सदस्याची सही आहे म्हणजे तो खराच, असं गृहीत धरलं जाई. सन्माननीय सदस्याच्या शब्दावर शंका घ्यायची कुणी? पगार घेणाऱ्या क्लार्कने?

घोटाळा म्हटला की आपण वाईट माणसं शोधतो. इथे मात्र चांगल्या माणसालाही हळूहळू सैल करणारी रचना होती. शेजारच्या बाकावरचा मागतो, त्याला मिळतं, कार्यालयातला अधिकारी स्वतःहून सांगतो की तुमची अजून इतकी रक्कम शिल्लक आहे. अशा ठिकाणी न मागणाराच बावळट ठरतो.

माहिती बाहेर कशी आली

ब्रिटनचा माहिती स्वातंत्र्य कायदा जानेवारी २००५ पासून लागू झाला. आपला माहिती अधिकार त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. कायदा आला तसे पत्रकार हीदर ब्रूक आणि आणखी काही जणांनी खासदारांच्या खर्चाचा तपशील मागायला सुरुवात केली. संसदेने नकार दिला. प्रकरण माहिती लवादाकडे गेलं, संसद हरली. उच्च न्यायालयात गेलं, मे २००८ मध्ये संसद तिथेही हरली.

दरम्यानच्या खटपटी पाहण्यासारख्या आहेत. २००७ मध्ये संसदेलाच या कायद्यातून वगळणारं विधेयक कॉमन्स या खालच्या सभागृहाने मंजूर केलं. वरच्या सभागृहात ते मांडायलाच कुणी पुढे आलं नाही, म्हणून बारगळलं. जानेवारी २००९ मध्ये सरकारने पुन्हा तसा प्रयत्न केला, आरडाओरडा झाल्यावर मागे घेतला. शेवटी जुलैमध्ये सगळी बिलं प्रसिद्ध करायचं ठरलं, पण त्यातला ‘खासगी’ मजकूर काळ्या शाईने झाकून.

त्याआधीच सगळी माहिती असलेली एक डिस्क ‘डेली टेलिग्राफ’कडे पोहोचली. वर्तमानपत्राने त्यासाठी पैसे मोजले होते, आणि यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. ८ मे २००९ पासून रोज पान भरून बिलं छापून येऊ लागली. जूनमध्ये संसदेची अधिकृत, काळी केलेली प्रत आली, तेव्हा लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. अधिकृत प्रतीत घरांचे पत्ते झाकलेले होते. पत्तेच दिसत नसतील तर एखाद्याने वर्षभरात ‘दुसरं घर’ कितीदा बदललं हे कळणार कसं? म्हणजे घोटाळ्याचा सर्वांत मोठा भाग झाकलेलाच राहिला असता.

माझ्या मते विश्वासाला खरा तडा गेला तो या चार वर्षांच्या लपवाछपवीने. बिलं २००५ मध्येच मुकाट्याने दिली असती तर संताप झाला असता, चार-दोन राजीनामे पडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. हे हवेत बोलत नाही. स्कॉटलंडच्या स्वतंत्र संसदेत हुजूर पक्षाचे नेते डेव्हिड मॅक्लेची यांच्या टॅक्सीच्या बिलांवरून वाद झाला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांनी नेतेपद सोडलं. त्यानंतर तिथल्या संसदेने सगळ्या सदस्यांचे दावे शोधता येतील अशा रीतीने ऑनलाइन टाकले. २००९ मध्ये लंडन पेटलं होतं, तेव्हा एडिंबराच्या संसदेला त्याची झळ फारशी लागली नाही.

काय काय निघालं

लोकांच्या लक्षात राहिल्या त्या हास्यास्पद गोष्टी. सर पीटर व्हिगर्स यांनी तळ्यातल्या बदकांसाठी तरंगतं घर घेतलं आणि १,६४५ पौंडांचं बिल लावलं. गृहमंत्री जॅकी स्मिथ यांच्या दाव्यांत ८८ पेन्सचं बाथटबचं बूच होतं, आणि त्यांच्या पतीने टीव्हीवर पैसे भरून पाहिलेल्या प्रौढांच्या चित्रपटांचं बिलही. डग्लस हॉग यांनी कार्यालयाला दिलेल्या खर्चाच्या यादीत गावाकडच्या वाड्याभोवतीचा खंदक साफ करण्याचे दोन हजारांवर पौंड होते. खंदकासाठी आपण पैसे मागितलेच नव्हते असं त्यांचं म्हणणं होतं, पण तेवढी रक्कम भरायला ते तयार झाले. गंमत म्हणजे बदकांच्या घराचा दावा कार्यालयाने फेटाळला होता. सरकारचा एक पैसाही त्यात गेला नाही. तरी घोटाळ्याचं प्रतीक म्हणून ते बदकांचं घरच अजून छापून येतं.

मोठी रक्कम होती ती ‘फ्लिपिंग’मध्ये. माझं मुख्य घर कोणतं आणि दुसरं कोणतं, हे खासदाराने स्वतःच कळवायचं असे. मग आज लंडनचा फ्लॅट ‘दुसरं घर’ म्हणून दाखवायचा, भत्त्यातून तो दुरुस्त करायचा, झाला की गावच्या घराला ‘दुसरं’ म्हणायचं आणि त्याचं काम काढायचं. या अदलाबदलीला वर्तमानपत्रांनी फ्लिपिंग हे नाव दिलं. काहींनी तर संसदेला एक घर दुसरं म्हणून सांगितलं आणि तेच घर विकताना करखात्याला मुख्य म्हणून, कारण मुख्य घराच्या विक्रीतल्या नफ्यावर कर नाही. मंत्री हेझल ब्लिअर्स यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर १३,३३२ पौंडांचा चेक फडकावून दाखवला, नियमाने देणं लागत नसतानाही कराचे पैसे भरतेय म्हणून. लोक शांत होण्याऐवजी आणखी भडकले.

‘नियमात बसत होतं’ हे वाक्य त्या उन्हाळ्यात ब्रिटनमधल्या लोकांनी इतक्या वेळा ऐकलं की त्याचीच शिसारी आली. आणि ते बहुतेक वेळा खरं होतं! नियम त्यांनीच केले होते, एवढंच सांगायचं राहून जायचं.

उघड गुन्हे त्यामानाने थोडे. मजूर पक्षाचे माजी मंत्री एलियट मॉर्ली फिटलेल्या गृहकर्जाचं व्याज महिनोन्‌महिने घेत राहिले; त्यांना सोळा महिन्यांची शिक्षा झाली. डेव्हिड चेटर यांनी खोटी बिलं लावली, आईच्या घरात राहून त्याचं भाडं देत असल्याचं दाखवलं. शिक्षा अठरा महिने. खटला सुरू होण्याआधी त्यांनी आणि इतरांनी संसदीय विशेषाधिकाराचा आसरा घेतला. सभागृहातल्या कामकाजाबद्दल खासदारावर खटला चालत नाही, हे १६८९ पासूनचं संरक्षण आहे. खर्चाचे दावेही त्यातच येतात, असा त्यांचा युक्तिवाद. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो साफ फेटाळला. भाषणाला संरक्षण आहे, घरभाड्याच्या बिलाला नाही.

सभागृहाचे अध्यक्ष मायकल मार्टिन यांनी मे २००९ मध्ये राजीनामा जाहीर केला. अध्यक्षाला दबावाखाली पायउतार व्हावं लागण्याची ही १६९५ नंतरची पहिलीच वेळ. सर थॉमस लेग यांच्या लेखापरीक्षणात सुमारे ३९० आजी-माजी खासदारांना मिळून अंदाजे तेरा लाख पौंड परत करायला सांगितलं गेलं. अपिलांनंतर आकडा अकरा लाखांवर आला. त्या लेखापरीक्षणालाच जवळपास तेवढा खर्च आला होता.

दुरुस्ती कशी केली

जुलै २००९ मध्ये कायदा झाला आणि ‘स्वतंत्र संसदीय मानक प्राधिकरण’ उभं राहिलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘इप्सा’ म्हणतात. मे २०१० च्या निवडणुकीत निवडून आलेल्या संसदेपासून खासदारांची बिलं इप्सा तपासते. तिच्या मंडळात उच्च न्यायिक पदावर काम केलेली एक व्यक्ती, एक लेखापरीक्षक आणि एक माजी खासदार हवाच. विद्यमान खासदार चालत नाही. गृहकर्जाचं व्याज देणं टप्प्याटप्प्याने बंद केलं, लंडनमध्ये भाड्याने राहा म्हणाले. प्रत्येक दावा, मग तो मंजूर होवो की नामंजूर, संकेतस्थळावर नावासकट येतो. बायको, मुलगा, भाऊ यांना नव्याने सरकारी पैशातून कार्यालयात नेमणंही २०१७ नंतर बंद झालं.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा बदल मात्र दुसराच आहे. खासदारांचा पगार ठरवण्याचा अधिकारही खासदारांच्या हातून काढून इप्साला दिला. २०१५ मध्ये इप्साने पगार ६७ हजारांवरून ७४ हजार पौंड केला. पंतप्रधानांसह सगळ्या बड्या नेत्यांनी विरोध केला, सर्वसामान्यांना काटकसर सांगताना हे शोभत नाही म्हणाले. इप्साने ऐकलं नाही. लोकांना वाढ आवडली असं नाही, पण भत्त्याच्या मागच्या दाराने पगार देण्याची जुनी खोड त्यामुळे सुटली. एप्रिल २०२५ मध्ये हा पगार ९३,९०४ पौंड झाला.

दुसरा कायदा २०१५ चा, खासदाराला परत बोलावण्याचा. तुरुंगवासाची शिक्षा झाली, सभागृहातून दहा किंवा अधिक दिवस निलंबन झालं किंवा खोटा खर्च दाखवल्याचा गुन्हा सिद्ध झाला, तर मतदारसंघात सहा आठवडे सह्या घेतात. दहा टक्के मतदारांनी सही केली की जागा रिकामी आणि पोटनिवडणूक. हुजूर पक्षाचे वेल्समधले खासदार क्रिस डेव्हिस यांनी कार्यालयासाठी सुमारे ७०० पौंडांची छायाचित्रं घेतली. तो खर्च रीतसर मिळालाच असता. पण एका बजेटमध्ये बसेना म्हणून दोन खोटी बिलं करून त्यांनी तो दोन खात्यांत विभागला. गुन्हा कबूल केला, २०१९ मध्ये दहा हजारांवर मतदारांनी सह्या केल्या, जागा गेली. पोटनिवडणुकीत पक्षाने त्यांनाच पुन्हा उभं केलं आणि ते हरले. २००९ मध्ये हजारो पौंडांची अदलाबदल करणारे पैसे भरून मोकळे झाले होते. दहा वर्षांनी ७०० पौंडांच्या खोट्या बिलाने खासदारकी घालवली.

मग विश्वास परत आला का?

नाही.

इप्सॉस ही सर्वेक्षण संस्था ब्रिटनमध्ये १९८३ पासून विचारते, राजकारणी खरं बोलतात असं तुम्हाला वाटतं का? २००८ मध्ये २१ टक्के लोक हो म्हणाले. घोटाळ्याच्या वर्षी ते १३ वर आले. पुढे थोडे चढले, पण २०२३ मध्ये ९ टक्के, म्हणजे चाळीस वर्षांतला नीचांक. बिलं चोख झाली, लोकांचं मत मात्र आणखी खाली घसरलं.

यावरून ‘मग सुधारणांचा उपयोग काय’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मला तो पटत नाही. ९ टक्क्यांचा आकडा आला तेव्हा लोक किराण्याच्या पावत्यांवर चिडलेले नव्हते. कोविडच्या टाळेबंदीत पंतप्रधानांच्या कार्यालयात झालेल्या पार्ट्यांचा राग होता. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये ओवेन पॅटरसन प्रकरण झालं होतं. पैसे घेऊन कंपन्यांची वकिली केल्याबद्दल या खासदाराला तीस दिवस निलंबित करण्याची शिफारस झाली, तर सरकारने बहुमताच्या जोरावर शिक्षा थांबवून चौकशीची पद्धतच बदलायला घेतली. दुसऱ्याच दिवशी माघार घ्यावी लागली, पॅटरसन यांनी राजीनामा दिला आणि हुजूर पक्षाची पिढ्यान्‌पिढ्यांची हक्काची जागा पोटनिवडणुकीत गेली. इथेही रोग जुनाच होता, आपल्या माणसाचा निवाडा आपणच करण्याचा. फक्त बिलांच्या खात्यातून तो गेला होता, शिस्तीच्या खात्यात शिल्लक होता.

तेव्हा ‘लोकांचा विश्वास वाढला का’ हे मोजमाप मला फसवं वाटतं. चुकीच्या माणसावर भरपूर विश्वास असणं ही काही चांगली गोष्ट नाही.  खोटं बिल लावलं तर किती दिवसांत उघडकीला येतं आणि मतदाराच्या हातात काय उरतं, हे मोजावं. या कसोटीवर ब्रिटन २००९ पेक्षा कितीतरी पुढे आहे.

‘भरपूर पगार द्या, भत्ते बंद करा’

हा सल्ला नेहमी ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. पण भत्ते पूर्ण बंद केले तर लंडनजवळचा खासदार फायद्यात राहतो आणि दूरचा खड्ड्यात. शिवाय पगार भरपूर असला म्हणून हाव सुटत नाही. पकडल्या गेलेल्यांत गरीब कुणीच नव्हतं.

दुसरा आक्षेप असा, की पै न पै चव्हाट्यावर मांडली तर चांगली माणसं राजकारणात कशाला येतील? इप्साच्या सुरुवातीच्या काळात खासदार खरोखर वैतागले होते. कित्येक दाव्यांच्या रकमेपेक्षा तपासणीचाच खर्च जास्त होई, आणि काही जण कटकट नको म्हणून हक्काचे पैसेही मागेनात. हा दोष खरा होता, आणि पुढे पद्धत बरीच सुटसुटीत झाली.

घराच्या पत्त्यांचा प्रश्न सर्वांत अवघड. २००९ मध्ये पत्ते झाकले म्हणून फ्लिपिंग झाकलं गेलं असतं. पण २०१६ मध्ये जो कॉक्स आणि २०२१ मध्ये डेव्हिड एमेस या दोन खासदारांचे भर मतदारसंघात खून झाले. आता पत्ता छापा असं म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरेल. म्हणून तर त्रयस्थ तपासनीस लागतो. पत्ता त्याला दिसावा, आपल्याला रक्कम आणि कारण.

आणि आपल्याकडे?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १०६ नुसार खासदारांचं वेतन संसद कायद्याने ठरवते, १९५ नुसार आमदारांचं विधिमंडळ. म्हणजे महाराष्ट्रातल्या आमदाराचं वेतन त्याच्याच सभागृहात ठरतं. खासदारांच्या बाबतीत २०१८ पासून एक सुधारणा झाली आहे. वेतन दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढतं; मार्च २०२५ ची वाढ त्यातलीच, त्यासाठी सभागृहात हात वर करावे लागले नाहीत. सुरुवातीचा आरोप अर्धा खरा म्हटला तो यासाठी. उरलेला अर्धा असा की प्रवास, टेलिफोन, निवास यांचे नियम करायचे ते संसदेच्याच संयुक्त समितीने.

बनावट बिलं आपल्यालाही नवी नाहीत. न केलेल्या विमानप्रवासाची खोटी तिकिटं लावून लाखो रुपये उचलल्याबद्दल बिहारच्या एका माजी राज्यसभा सदस्याला दिल्लीच्या न्यायालयाने २०२२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याची आमदारकीही गेली. गुन्हा नोंदवला होता २०१३ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत तो माणूस पुन्हा निवडून आला होता.

खासदार-आमदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. महाराष्ट्रात थेट निवडून आलेल्या सरपंचाला मात्र आहे. त्याच्यावरचा अविश्वास ठराव ग्रामपंचायत सदस्यांनी मंजूर केला तरी तेवढ्याने भागत नाही. तो ग्रामसभेत मतदानाला जातो आणि गावकरी त्यावर शिक्कामोर्तब करतात किंवा तो फेटाळतात.